बिनटाकीचा गिझर : निवड, मांडणी व निगा

शेतकऱ्याच्या घरीं स्नानाचें पाणी तापविण्यास आजवर चूल आणि तांब्याचा बंब हींच साधनें होतीं. आतां सरपण दुर्मिळ झालें आहे, तुराट्या-पऱ्हाट्या जाळण्यापेक्षां कुटून शेतांतच कुजविणें फायद्याचें ठरत आहे, आणि पहाटे उठून बंब पेटविण्यास घरांत मनुष्यबळही उरलेलें नाहीं. त्यामुळें तालुक्याच्या बाजारांतून गिझर खेड्यांत येऊं लागला आहे. त्यांतही टाकी नसलेला, नळ सोडतांच पाणी तापवून देणारा प्रकार किंमतीनें हलका व जागेनें आटोपशीर असल्यामुळें विशेष खपतो. हें यंत्र सोईचें आहे यांत संशय नाहीं. परंतु तें कोणत्या जागीं लावावें हें न कळल्यामुळें घरोघरीं त्याची जी मांडणी होते, ती कित्येक ठिकाणीं प्राणघातक असते. म्हणून यंत्राची निवड, मांडणी व निगा यांचा विचार येथें क्रमानें केला आहे. घाईंत असलेल्या वाचकानें एवढें एकच वाक्य ध्यानांत ठेवावें : गॅसवर चालणारें पाणी तापविण्याचें यंत्र न्हाणीघराच्या आंत कदापि लावूं नये.

यंत्राची रचना :— ‘गिझर’ हा शब्द आइसलँड बेटांतील ‘गेइसिर’ नामक उष्ण पाण्याच्या कारंज्यावरून आला आहे. लंडन येथील बेंजामिन वॅडी मॉघन या रंगाऱ्यानें १८६८ सालीं गॅसच्या ज्योतीवर वाहतें पाणी तापविण्याचें यंत्र काढून त्यास हें नांव दिलें. त्या यंत्रास जळलेला वायु बाहेर नेणारें धुराडें नव्हतें, आणि म्हणून तें धोक्याचें होतें. आज आपल्या बाजारांत मिळणाऱ्या लहान गॅस-गिझरांपैकीं बहुतेकांस धुराडें नसतें, ही गोष्ट वाचकांनीं येथेंच टिपून ठेवावी.

यंत्राच्या आंत तांब्याची वेटोळी नळी असून तिच्यावर पातळ पत्रे बसविलेले असतात. खालीं बर्नर असतो. नळ सोडला म्हणजे वाहत्या पाण्याच्या दाबानें एक रबरी पडदा सरकतो, त्यामुळें गॅसची कळ उघडते, आणि दोन लहान बॅटऱ्यांच्या शक्तीनें ठिणगी पडून ज्योत पेटते. नळ बंद केला कीं पडदा मागें सरतो व ज्योत विझते. विजेच्या प्रकारांत ज्योतीऐवजीं तापणारी कांब असते. दुकानदार ज्यास ‘इन्स्टंट’ म्हणतात त्या विजेच्या यंत्रांत एक ते तीन लिटरांचें लहानसें भांडें असतें; पण पाणी सांठवून न ठेवतां वाहतें तापवावयाचें, हें तत्त्व तेंच.

वीज कीं गॅस? :— हा प्रश्न शेजाऱ्याकडे पाहून न सोडवितां हिशेबानें सोडवावा. एक लिटर पाणी एक अंश सेंटिग्रेडनें तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. हिंवाळ्यांत पहाटे गच्चीवरील टाकींतलें पाणी २० अंश असतें व स्नानास ४० अंश पाणी हवें असें धरूं. तर २० लिटरांच्या एका स्नानास ४०० किलोकॅलरी, आणि पांच माणसांच्या घरास रोज २,००० किलोकॅलरी उष्णता लागेल.

एक युनिट विजेपासून ८६० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे वरील घरास रोज सुमारें सव्वादोन ते अडीच युनिटें, महिन्यास सुमारें ७० युनिटें लागतील. एक किलो स्वयंपाकाच्या गॅसपासून सुमारें ११,००० किलोकॅलरी मिळतात व त्यांपैकीं चार-पंचमांश पाण्यास लागतात. म्हणजे १४.२ किलोचें सिलिंडर या एकाच कामास लाविल्यास सुमारें दोन महिने पुरेल. आपल्या वीजबिलांतील दर व सिलिंडरची किंमत घालून प्रत्येकानें ही बेरीज स्वतः करावी.

खर्चाहून वेगाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. तीन किलोवॅटचें विजेचें यंत्र पाणी २० अंशांनीं तापवून मिनिटास फक्त दोन लिटरांहून थोडें अधिक देतें. बादली भरण्यास नऊ-दहा मिनिटें लागतात. तेंही दाब पुरा २३० व्होल्ट असेल तेव्हां. खेड्यांत सकाळीं दाब १८० व्होल्टपर्यंत उतरणें नवलाचें नाहीं. विजेची शक्ति दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत घटते. म्हणून १८० व्होल्टवर तीन किलोवॅटचें यंत्र दोन किलोवॅटहूनही कमी काम करतें, आणि तीच बादली भरण्यास पंधरा मिनिटें जातात. उलटपक्षीं ‘सहा लिटर’ असें लिहिलेलें गॅसचें यंत्र मिनिटास सहा लिटर पाणी २५ अंशांनीं तापवितें. त्यास एका बादलीला तीन मिनिटें पुरतात. एकंदरींत, जेथें वीज भरवंशाची आहे व माणसें दोन-तीन आहेत तेथें वीज बरी. जेथें एकत्र कुटुंब आहे व विजेचा दाब कमी आहे तेथें गॅस सोईचा. परंतु ही सोय पुढील परिच्छेदांत सांगितलेली अट पाळली तरच घ्यावी.

जागा :— सहा लिटरांचें यंत्र सतत चालल्यास तासास सुमारें एक किलो गॅस जाळतें. एक किलो गॅस पूर्णपणें जळण्यास सुमारें १३ घनमीटर, म्हणजे ४६० घनफूट हवा लागते. आतां आपलें न्हाणीघर मोजावें. पांच फूट लांब, चार फूट रुंद व आठ फूट उंच अशा खोलींत अवघी १६० घनफूट हवा मावते. म्हणजे दारें-खिडक्या बंद असतां हें यंत्र दहा मिनिटांत त्या खोलींतील जवळजवळ निम्म्या हवेंतला प्राणवायु खाऊन टाकील. फटींतून थोडी हवा आंत येते म्हणूनच रोज अपघात होत नाहीं. आणि रोज होत नाहीं म्हणूनच लोक निर्धास्त राहतात.

प्राणवायु कमी पडला कीं गॅस अर्धवट जळतो व त्यापासून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु निघतो. या वायूस रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो डोळ्यांस झोंबतही नाहीं. रक्तांतील ज्या द्रव्यानें प्राणवायु वाहून नेला जातो, त्यास हा वायु प्राणवायूच्या दोनशेंपटींहून अधिक जोरानें चिकटतो. मग श्वास चालू असूनही शरीर गुदमरतें. प्रथम डोकें जड होतें, मळमळतें, भोंवळ येते, नंतर हातपाय लुळे पडतात. धोका ध्यानांत येईपर्यंत कडी काढण्याचेंही बळ राहत नाहीं.

येथें दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला असा कीं, ‘गॅसचा वास आला म्हणजे आम्हांस कळेल.’ सिलिंडरमधील गॅस मुळांत वासहीन असून गळती कळावी म्हणून त्यांत उग्र वासाचें द्रव्य मिसळलेलें असतें. तो वास न जळलेल्या गॅसचा. जळून निघालेल्या विषास तो वास नसतो. बंबाचा धूर कोंदला तर माणूस खोकत बाहेर पळे. येथें तशी सूचना मिळत नाहीं. दुसरा गैरसमज असा कीं, ‘यंत्र वीस मिनिटांनीं आपोआप बंद होतें, मग भय कसलें?’ कित्येक यंत्रांत अशी सोय असते हें खरें. परंतु ती सतत चालण्याची मिनिटें मोजते. नळ बंद करून पुन्हां सोडला कीं मोजणी पहिल्यापासून सुरू होते. शिवाय लहान कोंडलेल्या खोलींत वीस मिनिटें हा अवधि फारच मोठा आहे.

एकामागून एक पांच माणसें न्हातात तेव्हां प्रत्येकाच्या वेळीं खोलींतील हवा आधींपेक्षां वाईट होत जाते. शेवटीं न्हाणाऱ्याच्या वांट्यास सर्वांत वाईट हवा येते. सर्वांहून काळजीची गोष्ट बाळंतिणीच्या न्हाणाची. वारा लागूं नये म्हणून खिडकी चिंध्यांनीं बुजवावयाची, दार लावून घ्यावयाचें, आणि कढत पाण्यानें अर्धा तास शेक घ्यावयाचा, ही आपली रीत. बंबाचें पाणी बाहेरून येत असे तोंवर ती निभावली. न्हाणीघरांत गॅसचें यंत्र असेल तर त्याच मायेपोटीं बाळ-बाळंतीण दोघांचाही जीव धोक्यांत पडतो.

महसुली कचेरींत असतां अकस्मात मृत्यूचे कागद प्रस्तुत लेखकाच्या नजरेखालून जात. सर्पदंश, वीज पडणें, विहिरींत पडणें यांचीं कारणें उघड असत. परंतु न्हाणीघरांत निपचित सांपडलेल्या धडधाकट मनुष्याविषयीं घरचे लोक ‘हृदय बंद पडलें’ एवढेंच सांगत, व वर भिंतीवर काय टांगलें होतें याची विचारपूस फारशी होत नसे. आपल्या देशांतील डॉक्टरांनीं या विकारास आतां ‘गॅस-गिझर सिंड्रोम’ असें नांवच दिलें आहे. कांहीं रोग्यांस न्हाणीघरांत झटके येतात, व मिरगी समजून भलताच उपचार सुरू होतो, असेंही आढळलें आहे.

तेव्हां यंत्र न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीवर, उघड्या पडवींत किंवा छपराखालीं लावावें, आणि भिंतींतून फक्त गरम पाण्याची नळी आंत न्यावी. वर पाऊस लागूं नये एवढें छप्पर असावें. मात्र चोहोंकडून फळ्या मारून यंत्राची कोठडी करूं नये. सोसाट्याचा वारा लागून ज्योत विझत असेल तर एका बाजूस आडोसा पुरे. न्हाणीघराची खिडकी वा झरोका यंत्राच्या लगत नसावा, नाहींतर बाहेर गेलेला वायु तेथून पुन्हां आंत येईल. बाहेरची भिंतच नसेल अशा घरांत गॅसचें यंत्र न घेतां विजेचें घ्यावें. झरोका पाडून वेळ भागविण्याचा विचार करूं नये. धुराडें असलेलें यंत्र घेतल्यास धुराडें मोकळ्या हवेंत काढल्यावांचून तें पेटवूं नये.

पाण्याचा दाब व नळ :— यंत्र बिघडलें म्हणून ज्या तक्रारी येतात त्यांपैकीं पुष्कळ वेळां दोष यंत्राचा नसून टाकीच्या उंचीचा असतो. यंत्राच्या पत्र्यावर किमान दाब लिहिलेला असतो. तो चौरस सेंटिमीटरला पाव किलो असेल, तर टाकींतील पाण्याची पातळी यंत्रापासून अडीच मीटर, म्हणजे आठ फुटांहून अधिक उंच पाहिजे. कारण दर दहा मीटर उंचीस एक किलो दाब मिळतो. एकमजली घराच्या स्लॅबवर नुसती टेकविलेली टाकी यास कमी पडते. तिच्याखालीं चार-पांच फूट उंचीचा चौथरा किंवा लोखंडी घोडा करावा. टाकीपासून यंत्रापर्यंतची नळी ऐसपैस असावी व तीस वळणें थोडीं असावींत. यंत्राच्या तोंडाशीं पाणी बंद करण्याची चावी व गाळणी अवश्य बसवावी. गरम पाण्याच्या बाजूस साधी पी. व्ही. सी. नळी वापरूं नये, ती तापून मऊ पडते; गरम पाण्यासाठीं मुद्दाम केलेली सी. पी. व्ही. सी. किंवा जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी नळी घ्यावी.

गॅसची जोडणी :— यंत्रावर आय. एस. आय. चें चिन्ह पाहून घ्यावें. स्वयंपाकाच्या गॅसवरील लहान गिझरासाठीं भारतीय मानक १५५५८ हें आहे. ज्योत विझल्यास गॅस आपोआप बंद करणारी सोय आहे किंवा नाहीं हें दुकानांतच चालवून पाहावें. सिलिंडर उभें व मोकळ्या जागीं ठेवावें. हा गॅस हवेहून जड असल्यामुळें खड्ड्यांत वा तळघरांत सांचून राहतो, म्हणून तेथें तें ठेवूं नये. हॉटेलांत वापरतात तो जास्त दाबाचा रेग्युलेटर लावूं नये. शेगडीच्या रबरी नळीस मध्येंच फांटा काढून गिझर जोडण्याची युक्ति कित्येक कारागीर सुचवितात. ती साफ नाकारावी. रबरी नळी प्रमाणित असावी, भिंतींतून नेऊं नये, व पांच वर्षांनीं बदलावी. प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात काय तें पाहावें. काडी ओढून गळती पाहणें म्हणजे घरास स्वहस्तें आग लावणें होय.

गोबरगॅस ज्यांच्या घरीं आहे ते त्यावर हें यंत्र चालेल काय असें विचारतात. बाजारांतील यंत्राचीं भोंकें स्वयंपाकाच्या गॅसच्या मानानें पाडलेलीं असतात. गोबरगॅस पुष्कळ हलक्या कसाचा असल्यामुळें तो त्यांत नीट जळत नाहीं. स्वतः भोंकें मोठीं करण्याच्या भरीस पडूं नये.

विजेचें यंत्र लावतांना :— तीन किलोवॅटचें यंत्र २३० व्होल्टवर १३ अँपिअर प्रवाह घेतें. म्हणून त्यास १६ अँपिअरची स्वतंत्र जोडणी व २.५ चौरस मिलिमीटरहून कमी नसलेली तांब्याची तार पाहिजे. अंतर लांब असल्यास ४ चौरस मिलिमीटरची घ्यावी. साडेचार किलोवॅटचें यंत्र १६ अँपिअरच्या खटक्यावर चालवूं नये. ओल्या अंगानें वापरावयाचें हें यंत्र असल्यामुळें चांगली भूसंधि, म्हणजे अर्थिंग, आणि ३० मिलिअँपिअर गळतीवर प्रवाह तोडणारा खटका या दोन गोष्टींवांचून तें सुरूच करूं नये. अर्थिंगच्या खड्ड्यांत उन्हाळ्यांत पाणी घालीत जावें. घरास मंजूर असलेला वीजभार अपुरा असल्यास तो आधीं वाढवून घ्यावा. भांडें असलेल्या यंत्राची जादा दाब सोडणारी झडप ठिबकते म्हणून बुचानें बंद करूं नये. ती झडप यंत्र फुटूं नये म्हणूनच असते.

निगा :— दख्खनच्या काळ्या खडकांतील पुष्कळ विहिरींचें व विंधनविहिरींचें पाणी जड असतें. तें तापलें कीं त्यांतील चुना नळीच्या आंतून थरानें बसतो, जसा चहाच्या भांड्यास बसतो. थर जाड झाला कीं धार बारीक होते, गॅस अधिक जळतो व नळी तापून फुटते. पाणी फार कढत केल्यास चुना लवकर बसतो. म्हणून उष्णतेची कळ स्नानापुरतीच ठेवावी. फार कढत पाणी घेऊन त्यांत विसावण घालण्याची बंबाची संवय येथें सोडून द्यावी.

वर्षांतून एकदां, आणि पाणी फार जड असल्यास दोनदां, पुढीलप्रमाणें नळी स्वच्छ करावी. गॅस बंद करावा, बॅटऱ्या काढाव्यात, पाण्याची चावी बंद करून यंत्र रिकामें करावें. किराणा दुकानांत मिळणारें लिंबूसत्व लिटरभर पाण्यांत ५० ग्रॅम या प्रमाणांत विरघळवून तें नळींत भरावें व तासभर ठेवावें. नंतर भरपूर पाण्यानें धुवून टाकावें. फरशी धुण्याचें तीव्र ॲसिड वापरूं नये, त्यानें तांबें खाल्लें जातें. हें काम माहीतगाराकडून करविल्यास उत्तम.

गाळणी दरमहा, व पावसाळ्यांत गढूळ पाणी येऊं लागल्यावर दर आठवड्यास धुवावी. ज्योतीकडे रोज एक नजर टाकावी. ती निळी व स्थिर असावी. पिवळी पडली, लांबट झाली किंवा यंत्रावर काजळी धरूं लागली, तर गॅस नीट जळत नाहीं असें समजून यंत्र तात्काळ बंद करावें व बर्नर साफ करून घ्यावा. उन्हाळ्यांत यंत्र बंद राहतें तेव्हां कोळी बर्नरच्या भोंकांत जाळीं विणतात. म्हणून हंगामाच्या आरंभीं तो झाडून घेतल्यावांचून पेटवूं नये. बंद ठेवतांना बॅटऱ्या काढून ठेवाव्यात, नाहींतर त्या पाझरून पत्रा कुजवितात. ठिणगी पडते पण ज्योत धरत नाहीं, किंवा नळ सोडूनही ठिणगी पडत नाहीं, असें झाल्यास बॅटऱ्या, गाळणी, पाण्याचा दाब व रबरी पडदा या क्रमानें तपासावें. बहुधा दोष यांतच सांपडतो.

प्रसंग आल्यास :— न्हाणीघरांतून हाकेस उत्तर न आल्यास वाट पाहत बसूं नये. दार तोडावें, गॅस बंद करावा, मनुष्यास मोकळ्या हवेंत आणावें, व आपण स्वतः त्या खोलींत रेंगाळूं नये. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. डॉक्टरांस ‘घरांत गॅसचा गिझर आहे’ हें आधीं सांगावें. कारण बोटास लावावयाचें प्राणवायु मोजण्याचें साधें यंत्र या विषबाधेंत फसतें व आंकडा ठीक दाखवितें. रोगी शुद्धीवर आला तरी दवाखान्यांत नेऊन प्राणवायु देवविणें जरूर आहे. घरांतील दुसऱ्या कोणाचें डोकें दुखत असल्यास त्यासही बरोबर न्यावें.

ज्यांच्या न्हाणीघरांत असें यंत्र आधींच लागलेलें आहे त्यांनीं हा अंक खालीं ठेवून तें प्रथम बंद करावें, आणि बाहेरच्या भिंतीवर हलवून घेईपर्यंत चुलीवरच्या पाण्यावर निभावावें. चार-सहा फूट नळी, गवंड्याचा एक दिवस व कारागिराची मजुरी एवढाच त्यास खर्च आहे. बैल विकत घेतांना दांत, खूर व चाल आपण पाहतों. घरांत आणलेल्या या यंत्राची जागा, दाब व ज्योत तितक्याच बारकाईनें पाहिली, तर तें पुष्कळ वर्षें बिनतक्रार चाकरी करील.